जिताडा आणि कारणाचा रकाना

"मासळीचं मला नका शिकवू, सर."

हे वाक्य मी आमच्या मुलुंडच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, हातात चहाचा कप घेऊन फेकलं. फेकलं हाच शब्द बरोबर आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. बाप होडीवर, आई बाजारात टोपली घेऊन बसणारी. आणि मला मासा समजावणार कोण, तर सत्तरीला टेकलेले, गिरणगावातल्या चाळीत वाढलेले, आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले एक मालवणी मास्तर! सरांनी मान डोलावली आणि ते आपल्या जागेवर जाऊन स्क्रीनपुढे बसले.

ते बरोबर होते. चूक माझी होती. हे मला कळायला तीन आठवडे लागले आणि तोवर सरांची खुर्ची जायची वेळ आली होती.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोसायटीत कोणी विचारलं की मी "डेटाबेसचं काम करते" म्हणते. मग ते विचारतात, "म्हणजे बँकेत का?" मी हो म्हणून टाकते. खरं काम असं आहे. प्राण्याच्या अंगातल्या बहुतेक सगळ्या पेशींत जनुकांचा तोच संच असतो, पण सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात. यकृतात काही चालू, मेंदूत दुसरीच. संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगकडे बघावं ना, तसं. वायरिंग प्रत्येक घरात तीच, पण दिवा कुणाच्या स्वयंपाकघरात लागलाय आणि कुणाच्या बेडरूममध्ये, ते वेगळं. जगभरच्या प्रयोगशाळा हे दिवे मोजतात आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवतात. परदेशातल्या एका विद्यापीठाने ते आकडे एकत्र आणायला घेतले आहेत. माणसाचं यकृत, उंदराचं, गाईचं, कोंबडीचं, माशाचं, सगळी एका ओळीत. म्हणजे एखादं जनुक माणसाच्या हृदयात चालू असेल तर ते माशाच्या हृदयातही चालू असतं का, हे कोणालाही घरबसल्या बघता येतं.

पण ओळीत बसवायचं तर प्रत्येक नमुन्याची ओळख लागते. प्राणी कुठला, अवयव कुठला, वय काय, नर की मादी. शोधनिबंध लिहिणारे लोक हे आपापल्या मर्जीने लिहितात, कधी लिहितही नाहीत. ते वाचून तक्त्यात भरायचं काम त्या विद्यापीठाने आमच्यासारख्या छोट्या ऑफिसांना दिलंय. आणि एक नियम फार कडक आहे. फक्त निरोगी, नॉर्मल प्राणी घ्यायचे. आजारी, औषध टोचलेले, बिघडलेले, सगळे बाहेर. आजाऱ्याची तुलना धडधाकटाशी करून काय मिळणार?

एक जण वाचतो आणि तक्ता भरतो, दुसरा तपासतो. सर वाचणारे, मी तपासणारी. तक्त्यात शेवटचा रकाना कारणाचा. असं का ठरवलंत, कुठल्या पानावर वाचलंत, ते तिथे लिहायचं. अगदी उघड गोष्ट असेल तर रिकामा सोडला तरी चालतो. तपासणाऱ्याला पटलं नाही तर वाचणाऱ्याच्या नावावर लाल खूण पडते. वर्षाच्या शेवटी लाल खुणा बघतात आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं की नाही ते ठरतं.

ऑफिसात मी मासळीची एक्सपर्ट कशी झाले, त्यालाही एक किस्सा आहे. सुरुवातीच्या दिवसांत प्रश्न आला की माणसाच्या फुप्फुसासमोर माशाचं काय लावायचं? माशाला फुप्फुस नसतं. सगळे कल्ले, कल्ले करत होते. मी म्हटलं, थांबा. आमच्याकडे घोळ मासा फाडला की पोटातून हवेची पांढरी पिशवी निघते, ती वाळवून परदेशात जाते, तिच्यासाठी व्यापारी दारात उभे राहतात. मासा तिच्या जोरावर पाण्यात वर-खाली तरंगतो. ही पिशवी कुठे बसते तुमच्या तक्त्यात? मग पुस्तकं उघडली गेली आणि निघालं की ती पिशवी म्हणजे फुप्फुसाची सख्खी नातेवाईक आहे. त्या दिवशी आमच्या हेड मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. झालं! तेव्हापासून कुठलाही मासा आला की हाक यायची, "अगं, इकडे बघ जरा." आणि मी जायची, कोळ्याची पोर म्हणून छाती काढून. खरं तर ती पिशवी मी फक्त लांबून, उंबऱ्यात बसून बघितलेली होती. पण ते कोण विचारतंय?

सरांचं काय ते सांगते. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत एकटे. रोज इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन, पाठीवर शाळकरी पोरासारखी सॅक, बरोबर नऊ वाजता हजर. एकदा डबा खाताना मला म्हणाले, "पैशांचं काय नाही हो, पेन्शन आहे. पण सकाळी कुठेतरी जायचं असतं ना, म्हणून मी उठतो. हे काम गेलं तर मी भिंतींशी बोलत बसणार." मी तेव्हा "असं काय बोलता सर" म्हणून त्यांच्या डब्यातली कुळथाची पिठी वाढून घेतली होती. म्हणजे मला माहीत होतं. ते काम त्यांच्यासाठी काय आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

तर जिताडा, आमच्या खाडीतला चवदार मासा. एका प्रयोगशाळेने जिताड्याच्या प्रजनन ग्रंथींचे अठरा नमुने दिले होते. लहान मासे, मधले मासे, मोठे मासे, सहा-सहा. सरांनी भरलं होतं, लहान ते नर, मोठे ते मादी आणि मधले दोन्ही. म्हणजे एकाच माशात अर्धं नराचं, अर्धं मादीचं. पुढे सगळ्या अठरांसमोर लिहिलेलं, नॉर्मल. आणि कारणाचा रकाना कोरा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला कारण होतं. मी सातवी-आठवीत असताना आमच्या खाडीचं पाणी बघता बघता काळं झालं. बाबा जाळ्यातून फोड आलेले मासे काढायचे आणि तसेच परत फेकायचे. "बिघडली मासली" म्हणायचे. शेवटी होडी विकली त्यांनी आणि मग फार जगले नाहीत. पुढे कॉलेजात मी वाचलं की घाण पाण्याने माशांचं नर-मादीपणसुद्धा बिघडतं, एकाच पोटात दोन्ही सापडतात. त्यामुळे स्क्रीनवर हे अर्धं-अर्धं दिसताच मला दुसरं काही दिसेचना. हे बाबांचे मासे. हे बिघडलेलं पाणी. आणि त्याला नॉर्मल म्हणायचं? शोधनिबंधाचं पहिलं पान मी वाचलं. सोबत जोडलेली लांबलचक पुरवणी उघडलीसुद्धा नाही. मधले सहा बिघडलेले म्हणून बाहेर काढले आणि ज्या पाण्यात ते सहा बिघडले तिथलेच बाकीचे, म्हणून उरलेले बाराही काढले. अठरा लाल खुणा.

सर चहाच्या वेळी जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या माशाचा धर्मच तसा असतो."

त्यावर मी ते वाक्य बोलले, जे सुरुवातीला सांगितलं.

तीन आठवड्यांनी वर्षाचा हिशेब निघाला. सरांच्या खुणा एरवी कमीच असायच्या, पण त्या अठरांनी घात केला. हेड मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी मला विचारलं, "तू शुअर आहेस ना?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. "कोळ्याची पोर आहे मी, मॅडम."

"सर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"कारणाचा रकाना मी रिकामा सोडला, हे खरं आहे," सर म्हणाले. बस, एवढंच. मॅडमनी नाइलाजाने सांगितलं की या महिन्यानंतर कॉन्ट्रॅक्ट पुढे चालणार नाही. सरांनी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन त्यांनी ड्रॉवरमधलं बारीक अक्षर वाचायचं भिंग काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सॅकमध्ये ठेवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण नियम तो नियम, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. शुक्रवार होता.

रविवारी लेकीला घेऊन आईकडे गेले. घाटकोपरहून मेट्रो, मग रिक्षा. आई अजून रोज सकाळी बाजारात बसते, ऐकत नाही. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती, पुढ्यात कोयता आणि हातभर लांबीचा जिताडा. नातीसाठी खास ठेवलेला. माझ्या लेकीला गाबोळी म्हणजे जीव की प्राण. तळलेली माशाची अंडी मिळाली तर पोरगी भातसुद्धा मागत नाही. मी चपला काढता काढताच ओरडले, "आये, गाबोळी वेगळी ठेव हां हिला."

आईने मान वर केली. "या बारक्यात कुटली गाबोली?"

"नसेल का?"

"काय बोलते गो तू! बारक्या जिताड्यात कवा कुनाला गाबोली गावलीय? बारका हाय तवर तो नर. मोटा झाला का त्याचीच मादी होतं. मंग गाबोली."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "सगळ्यांचं असं होतं?"

"जो जालीत गावला नाय, ज्याचं आयुष्य हाय, त्याचं होतं. देवानं तसाच केलाय त्याला."

"आणि मधे? मधला कसा असतो?"

"मदला मदल्यासारका. केवा केवा दोनी गावतं एका पोटात."

"म्हणजे रोगट ना तो?"

आता मात्र आईने कोयता खाली ठेवला. "रोगट कशाला असंल? अर्ध्या वाटेवर हाय तो, बाय. चांगला गोड लागतं. इकडं सगल्यांना ठाव हाय."

सगळ्यांना! मी खालीच बसले, ओल्या ओट्यावर, नव्या ड्रेससकट. म्हटलं, "आये, मला कसं नाही माहीत?"

"तुला कसं म्हाईत असंल? तुला मी कवा कोयत्याला हात लावू दिला?" आई सहज बोलून गेली, पुन्हा कोयता उचलून खवले काढायला लागली. "वर्गात पोरी नाक धरतात म्हनून रडत आली होतीस ना एकदा? तवाच ठरवला मी. म्हटला, हिच्या हाताला वास नको. हिनं पुस्तकं वाचावी."

मी पुस्तकं वाचली. पुस्तकं वाचून ऑफिसात मासळीची एक्सपर्ट होऊन बसले आणि कोळ्याची पोर म्हणून मिरवले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण उतरेना. आईला वाटलं कालवण तिखट झालंय. संध्याकाळी निघताना तिने स्टीलच्या डब्यात कालवण बांधून दिलं. मेट्रोच्या सिक्युरिटीवाल्याने डबा उघडायला लावला, वास घेतला आणि म्हणाला, "मस्त है, जाने दो." एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

सोमवारी ऑफिसात मी ती पुरवणी उघडली. चौथ्याच पानावर होतं. हे मासे नर म्हणून वाढतात, मग मादी होतात, सगळे मासे स्वच्छ पाण्यातले आणि निरोगी होते. साध्या, सोप्या वाक्यांत. वाचायला मिनिटसुद्धा लागलं नाही. सरांची खुर्ची रिकामी होती. उरलेल्या दिवसांची रजा टाकली होती त्यांनी. फोन केला, वाजत राहिला.

मी केबिनमध्ये गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. आईपासून पुरवणीपर्यंत सगळं. त्या चिडल्या, चिडणारच. "तू शंभर टक्के म्हणाली होतीस."

"हो. वाचल्याशिवाय म्हणाले होते."

अठरा खुणा सरांच्या नावावरून काढून माझ्या नावावर टाकल्या गेल्या. तपासायचं काम सहा महिने माझ्याकडून काढून घेतलं. मी इतरांसारखं वाचायला बसायचं आणि माझं दुसऱ्या कोणीतरी तपासायचं. झोंबलं मला, नाही कशाला म्हणू. पण त्या खुणा निघाल्यावर सर बसत होते नियमात. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं पत्र मॅडमनी तिथल्या तिथे टाइप केलं आणि म्हणाल्या, "हे तू नेऊन दे. येतील की नाही, तुझं तू बघ."

सहा वाजता मी मुलुंड पूर्वेला, एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात आईच्या कालवणाचा डबा. तो सकाळी ऑफिसच्या फ्रीजमध्ये कशासाठी ठेवला होता, हे मला तेव्हाच ठाऊक असावं. सरांनी दार उघडलं. घरात असूनही अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. टीव्ही बंद, रेडिओ बंद. टेबलावर काहीच नव्हतं, फक्त कागदांचा एक कोरा गठ्ठा आणि रुमालात गुंडाळलेलं भिंग. तो रुमाल अजून सोडलेला नव्हता.

मी उभ्या उभ्याच बोलले. "सर, तुम्ही बरोबर होतात. मी पुरवणी वाचली नव्हती. मला माफ करा." आणि पत्र पुढे केलं.

त्यांनी ते चष्म्याशिवाय, लांब धरून दोनदा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, पेनांच्या मागे. "बसा," म्हणाले.

"सर, तुम्ही त्या दिवशी केबिनमध्ये पुरवणी का नाही दाखवली? एक पान दाखवलं असतं तर मी तिथेच गप्प झाले असते."

"मास्तर माणूस मी. एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर ते शिकवणं झालं नसतं, नोकरीसाठी हात पसरणं झालं असतं."

"मग निदान रकान्यात लिहायचं होतंत ना! दोन ओळी लिहिल्या असत्या तर..." माझा आवाज चढला. माफी मागायला आले होते आणि तिथेही भांडत होते. स्वभावाला औषध नाही.

सर हसले. पहिल्यांदाच ते माझ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. "लिवलंलय गो बाय. सगळा लिवलंलय. मगे बघलंय, तपासूक तू असस. म्हटलंय, कोळ्याघरचा चेडू ता. तेका जिताडो काय सांगूचो? अपमान वाटात तेका. म्हणान पुसून टाकलंय."

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. त्यांनी माझा मान ठेवायला लिहिलेलं पुसलं होतं आणि त्याच कोऱ्या जागेवर मी त्यांना लाल खुणा दिल्या होत्या. सर गडबडले, पाणी आणलं, पंखा वाढवला, काय करावं त्यांना सुचेना. शेवटी डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यात काय असा?"

"जिताडा," मी नाक पुसत म्हटलं. "बारका. गाबोळी नाही त्यात. आणि सर, मला काहीच माहीत नाही हो मासळीतलं. आईने कधी शिकवलंच नाही. तुम्ही शिकवा ना. पहिल्यापासून सांगा."

सर उठले, चष्मा शोधून नाकावर चढवला, गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि खिशातलं पेन काढून त्यावर मासा रेखाटायला लागले.